"तिकडे खाशील काय?" याचं उत्तर आपल्या गच्चीवर वाळतंय



सुट्ट्या लागल्या की आपल्या घरांत एक संवाद हमखास होतो. मुलगी म्हणते, "आई, कॉलेजचा ट्रेक आहे, पाच दिवसांचा." आई विचारते, "अन् तिकडे खाशील काय?" वरून पाहिलं तर यात काळजी आहे, पण बहुतेक घरांत हा नकारच असतो. मुलगा असला तर आपण "पाहून घे बापा, कांदा-लसूण टाळ" म्हणून त्याला सोडून देतो. मुलगी मात्र घरी राहते आणि कारण म्हणून आपण धर्माचं नाव पुढे करतो.

मला हे पटत नाही. नियम पाळून पाच दिवस रानात, डोंगरात, नदीकाठी राहता येतं. त्यासाठी लागणारी विद्या आपल्याच आज्यांची आहे. तिचं नाव वाळवण.

आपल्या बायकांना चालायची सवय नाही, असंही कोणी म्हणू नये. सम्मेद शिखरजीची वंदना २७ किलोमीटरची आहे. ९ चढ, ९ वर टोंकांच्या दर्शनाचे आणि ९ उतार. साठी ओलांडलेल्या बायका ती अनवाणी करून येतात. त्यांच्या नातीला ट्रेक झेपणार नाही, हे कोण मानेल? तेव्हा अडचण खाण्याची आहे, आणि तिच्यावर इलाज आहे.

वरोऱ्याच्या उन्हाला आपण सगळ्या नावं ठेवतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण हेच कोरडं ऊन वाळवणासाठी सोन्यासारखं आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत जे दोन-तीन दिवसांत वाळत नाही, ते आपल्याकडे सकाळी घातलं की चारपर्यंत कडक होतं. शेवया, सरगुंडे, मूगवड्या, ज्वारीच्या पापड्या आपण यावरच करतो. शेजारपाजारी वांग्याच्या खुला वाळतात, तिकडे गडचिरोलीच्या गावांत अंगणभर मोहफुलं वाळतात. वांगं आणि मोह आपल्याकडे नसतो, पण युक्ती एकच. पदार्थातलं पाणी काढलं की त्यात जीव उत्पन्न होत नाहीत. शास्त्रज्ञ त्याला बुरशी आणि जंतू म्हणतात. आपल्याकडे हा विचार जेवणाच्या ताटात फार जुना आहे.

आता बाजारातल्या पाकिटांबद्दल. गरम पाणी ओतलं की तयार होणारी खिचडी, पुलाव, कढी सगळं मिळतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढंच सांगतो. आत कांद्या-लसणाची पूड आणि बटाट्याचं पीठ असू शकतं. "जैन" लिहिलेलं पाकीट असलं तरी ते कांदा-बटाट्यापुरतं बोलतं. कधी शिजवलं, पाणी गाळलं होतं का, पीठ किती दिवसांचं, हे त्यावर नसतं. आणि कढी म्हणजे दही-ताकात बेसन. द्विदल पाळणाऱ्या घरात ती पाकिटातूनही चालत नाही. अडीनडीला पाकीट घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यावर विसंबून नियम सांभाळले असं समजू नये.

घरी काय करायचं ते सांगते. दीडशे ग्रॅम तांदूळ आणि पंचाहत्तर ग्रॅम मूगडाळ घ्या. दिवस उगवल्यावर हळद, जिरं, मीठ घालून मऊ खिचडी शिजवा. तेल-तूप अजिबात घालू नका. स्निग्ध पदार्थ वाळत नाही आणि लवकर खवट होतो. तुपाची छोटी डबी वेगळी द्यायची. शिजलेली खिचडी सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. ती ताटांवर अगदी पातळ पसरा, दाणा दाण्यावर चढू नये. साडेआठपर्यंत उन्हात जाऊ द्या, दुपारी एकदा हाताने मोकळी करा. चारला दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. पूर्ण वाळली की वजन पुन्हा कच्च्या डाळ-तांदळाएवढं होतं.

मग कच्चेच डाळ-तांदूळ का देऊ नयेत? कारण कच्च्याला अर्धा तास जाळ लागतो आणि पाणीही जास्त. वाळलेल्या खिचडीवर दुप्पट उकळतं पाणी घालून झाकून ठेवलं की पंधरा मिनिटांत जेवण तयार. जंगलात तर चूल पेटवायचा विचारही करू नये. उन्हाळ्यात ठिणगीने रान पेटतं आणि राखीव जंगलात आग लावणं हा कायद्याने गुन्हा आहे. मुक्कामाच्या जागी पाणी उकळून थर्मासात भरायचं आणि खिचडी थर्मासातच भिजवायची. उकळलेल्या पाण्याची आठ प्रहरांची मर्यादाही आपोआप सांभाळली जाते.

भाज्यांत दुधी, गवार, भेंडी, कारलं, टोमॅटो चांगले वाळतात. पातळ काप करून दोन-तीन मिनिटं वाफवून घेतले की नंतर लवकर मऊ होतात. भाजीत बहुतेक पाणीच असतं. किलोभर दुधीची जेमतेम मूठभर होते, म्हणूनच पाठीवरच्या पिशवीसाठी ती सोयीची. वाळलेल्या टोमॅटोची पूड वरणात टाकली की आंबटपणा येतो.

वाळवताना जीवरक्षेचंही पाहावं लागतं. वर ताणून मलमल बांधा, कापड पदार्थाला टेकू देऊ नका. मुंग्या चढू नयेत म्हणून खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची पद्धत आहे. त्या पाण्यात मुंग्या बुडून मरतात. मी पायांभोवती हळदीची जाड रेघ ओढते. पावसाळ्यात उन्हाचा भरवसा धरू नये. तेव्हा विजेचं वाळवणयंत्र ६० अंशांच्या आसपास ठेवून सहा-आठ तासांत काम करतं. चार घरांनी मिळून एक घेतलं तरी पुरतं.

आता मर्यादेचा प्रश्न. तो टाळून पुढे जाता येणार नाही, कारण खरा वाद तिथेच आहे. एखादी म्हणेल, शिजवलेलं अन्न दुसऱ्या दिवशी बासी, मग वाळवून काय झालं? मी यावर बराच विचार केला आहे. बासी म्हणजे ज्यात पाणी राहिलं आणि रात्र गेली. म्हणून माझी पहिली अट ही, की शिजवणं आणि पूर्ण वाळणं एकाच दिवसात, सूर्यास्ताच्या आत व्हावं. संध्याकाळी दाणा तुटण्याऐवजी वाकला, तर ती खिचडी डब्यात जाणार नाही. त्याच वेळी खाऊन टाकावी, नाहीतर गाईला द्यावी. दुसरी अट दिवसांची. आपल्या दिगंबर घरांत पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि थंडीत ७ दिवसांची. श्वेतांबर मैत्रिणींकडे खाखरा-मिठाईचा हिशेब १५, २० आणि ३० दिवसांचा असतो. मी वाळलेल्या जेवणालाही पिठाचंच माप लावते. मे महिन्यात वाळवून दिवाळीत खायचं, असं माझं म्हणणं नाही. निघायच्या आदल्या दिवशी वाळवा आणि प्रवासात संपवा. सातूचं पीठही आदल्या दिवशीच दळा.

ज्यांनी व्रत-प्रतिमा घेतल्या आहेत, त्यांच्यासाठी हे नाही. त्यांची शुद्धी वेगळी आणि त्या ट्रेकला निघणारही नाहीत. शंका असेल तर चातुर्मासात महाराज-माताजींना जरूर विचारा. पण तुलना बरोबर करा. एका बाजूला काल गाळलेल्या पाण्यात घरी शिजवून वाळवलेली खिचडी. दुसऱ्या बाजूला शिबिरातली रात्री नऊची बटाट्याची रस्साभाजी. मला तर पहिल्यात दोष कमी दिसतो.

आणि रात्रीची वेळ हीच मोठी गोष्ट आहे. आपल्या मुलांचा नियम कांद्यापेक्षा जास्त वेळा घड्याळामुळे मोडतो. थंडीत आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, शिबिरात जेवण मात्र आठशिवाय लागत नाही. स्वतःजवळ वाळलेलं जेवण असलं की पाचला पाणी ओतायचं आणि दिवस असताना जेवून मोकळं व्हायचं. आयोजकांपुढे हात जोडणं नको, "माझं वेगळं करा" नको.

माझी भाची कॅनडात टोरांटोला असते. तिकडे उन्हाळ्यात लोक अल्गोंक्विन उद्यानात डोंगी घेऊन तलावांमधून चार-पाच दिवस फिरतात. एका तलावातून दुसऱ्यात जाताना डोंगी आणि सामान खांद्यावर घ्यावं लागतं. आतल्या भागात डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. म्हणून तिथे घरचं जेवण वाळवून नेणं ही सर्वसाधारण पद्धत झाली आहे. त्या देशातलं डोंगीच्या प्रवासाचं जुनं अन्न म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी. माझी भाची त्याच वाटेने मूगखिचडी आणि दुधी नेते. जूनमध्ये तिकडे नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तिचं चौविहार आपल्यापेक्षा सोपं. तिला जे परक्या देशात जमतं, ते ताडोबाच्या दारात राहणाऱ्या आपल्या मुलींना का जमू नये? मे महिन्यातली सोमनाथची श्रमसंस्कार छावणी असो की हिमालयातला ट्रेक, त्यांना जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र ठाम सांगते. हे सगळं पुन्हा आईच्या अंगावर पडता कामा नये. आपल्या उन्हाळ्याच्या दुपारी आधीच पापड-शेवयांत जातात. जो जाणार, त्यानेच वाळवायचं. मुलगी असो की मुलगा, खिचडी शिजवणं, पसरवणं, कापड बांधणं, संध्याकाळी दाणा तोडून पाहणं त्यांनी करावं. आपण शेजारी बसून सांगावं. त्याने दोन फायदे होतात. नियम का आहे हे हाताला कळतं, आणि आपण बरोबर नसताना तो नियम त्यांचा स्वतःचा होतो. "आईने सांगितलं म्हणून" पाळलेला नियम पहिल्या मुक्कामालाच सुटतो.

मृग लागायला अजून वेळ आहे. येत्या रविवारी वाटीभर डाळ-तांदळाची खिचडी घरीच वाळवून पाहा. दुसऱ्या दिवशी गरम पाणी घालून घरच्यांना वाढा आणि चव कशी झाली ते मला कळवा. मीठ थोडं कमीच घाला, वाळल्यावर ते पुढे येतं.

जय जिनेंद्र.