सेवकालाही आखाजी हवी

गेल्या उन्हाळ्यात असोद्याच्या माझ्या दवाखान्यात एक पाळकसाहेब आले. वय पन्नाशीच्या पुढे. झोप लागत नाही, डोके जड असते, बारीकसारीक गोष्टींवरून राग येतो, अशी तक्रार. रक्तदाब १७०/१०० भरला. "शेवटची सुटी केव्हा घेतली?" असे विचारले, तर बराच वेळ आठवत बसले. मग हसून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बैलाला पोळा असतो, पाळकाला नसतो."

हे वाक्य मलाही लागले. काही वर्षांपूर्वी माझा दवाखाना रविवारीसुद्धा उघडा असे आणि मी ते अभिमानाने सांगत असे. एका संध्याकाळी एका आजींनी गोळ्या कशा घ्यायच्या हे तिसऱ्यांदा विचारले आणि मी त्यांच्यावर ओरडलो. आजी मुकाट्याने गेल्या, गोळ्या चुकीच्या घेतल्या आणि चक्कर येऊन पडल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. पण चूक माझ्या थकव्याची होती, आणि तो थकवा मीच ओढवून घेतला होता.

पाळकाचे काम लोकांना रविवारच्या उपदेशापुरते दिसते. आजाऱ्याची भेट, नवरा-बायकोचे भांडण, रात्री-अपरात्री आलेली मयताची बातमी, दफनविधी, हे कोणी मोजत नाही. सगळ्यांना सुटी असते तो रविवार तर याच्या सर्वांत कष्टाचा दिवस. दुसऱ्याचे दुःख ऐकणारा माणूस ते घरी घेऊन जातो. असा थकवा एका रात्रीच्या झोपेने जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची नोंद आपल्या रोगवर्गीकरणात केली. तो आजार नव्हे, कामाच्या सततच्या ताणाचा परिणाम आहे, असे तिचे म्हणणे. खुणा तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मन विटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

"देवाच्या कामाला कसली सुटी?" असे काही जण विचारतील. त्यांनी बायबलच उघडून पाहावे. सातवा दिवस विसाव्याचा. सातव्या वर्षी तर जमिनीलाही विसावा सांगितला आहे. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला भाकर-पाणी दिले आणि पुन्हा झोपू दिले. वैद्यकाच्या दृष्टीनेही हा उपचार अगदी योग्य!

आपल्या खानदेशाला तर हे वेगळे सांगायला नको. आखाजीला सालदाराचे साल संपते, लेक माहेरी येऊन झोका घेते. बहिणाबाईंचे माहेर हेच असोदे. चार दिवस माहेरी राहिलेली बाई सासरच्या कामाला नव्या जोमाने लागते, हे त्या काळच्या अडाणी म्हणवणाऱ्या सासूलाही कळत होते. मग पाळक, कीर्तनकार, आशाताई, घरच्या आजाऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणारी सून यांनाच माहेर का नसावे?

माझे स्पष्ट मत असे की ही रजा सेवकाने मागू नये. ती मंडळीने द्यावी. मागितली की तो कामचुकार ठरतो. पंचांनी वर्षातला एक महिना पगारासह लिहून द्यावा. शेजारच्या मंडळीचा पाळक रविवारची उपासना घेईल, आजाऱ्यांच्या भेटी पंच वाटून घेतील. महिनाभरात मंडळी मोडत नाही. पाळक अंथरुणाला खिळला तर मात्र वर्ष जाते.

रजेवर जाणाऱ्यांना चार सूचना.

१) थकवा कामाचाच आहे असे गृहीत धरू नका. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड आधी तपासून घ्या.

२) आठ दिवसांत दहा ठिकाणे पाहू नका. एकाच ठिकाणी राहा, सकाळी चाला, पोटभर झोपा. चालू गोळ्या बरोबर न्या.

३) फोन घरच्या एकाच माणसाकडे द्या. गाव सोडले आणि फोन चालूच ठेवला, तर दवाखाना किंवा मंडळी खिशात घालून नेल्यासारखेच.

४) दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, किंवा जगणे नको वाटत असेल, तर लगेच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे.

आमचे पाळकसाहेब तीन आठवडे नगरला बहिणीकडे राहून आले. परतल्यावर रक्तदाब १३६/८४ होता. गोळी चालूच आहे, ती विश्रांतीने सुटली नाही. पण झोप लागते, आणि "बहिणीने रोज दुपारी दार लावून निजवले," हे सांगताना ते लहान मुलासारखे हसले.

मीही आता गुरुवारी दवाखाना बंद ठेवतो. पहिले काही आठवडे लोकांनी कुरकुर केली. त्या आजी मात्र म्हणाल्या, "बरं केलं बापा, आता तू नीट बोलतो."