बधिर पाय आणि रोजची चाल

गेल्या हंगामात शेतीशाळेला आलेल्या एका शेतकऱ्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. शेजाऱ्याने रक्त दाखवले तेव्हा कुठे गड्याला कळले. "दोन वर्षं झाली, पायाला काय लागलेलं समजतच न्हाई," असे तो सहज बोलून गेला. त्याला साखरेचा आजार आहे. कपाशीवर रोग दिसला की पान खुडून धावत येणारी आपली माणसे पायाला मुंग्या आल्या तर मात्र 'वात असंल' म्हणून तेल चोळत बसतात.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांबचे तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून झळ आधी तिथे बसते. कालव्याच्या शेपटाकडच्या रानाचे हाल आधी व्हावेत, तसेच.

यावर चालण्याचा काही उपयोग होतो का? इटलीतील डॉक्टरांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७८ मधुमेही, सुरुवातीला कुणाचेही मज्जातंतू बिघडलेले नव्हते. त्यातल्या काहींना चार वर्षे, आठवड्याला चार तास झपझप चालायला लावले. न चालणाऱ्यांत शंभरी सुमारे ३० जणांची संवेदना बिघडली, चालणाऱ्यांत ६ ते ७ जणांचीच. माणसे थोडी होती हे खरे, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे. गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या.

"आम्ही दिवसभर रानातच असतो की!" असे कुणी म्हणेल. पण आता मोटारसायकल थेट बांधावर जाते, नांगरट ट्रॅक्टर करतो आणि खुरपणीला मजूर असतात. दारे धरताना माणूस उभाच जास्त असतो. बोलता येईल पण थोडा दम लागेल अशी, न थांबता अर्ध्या तासाची चाल वेगळी. ती आठवड्यातून पाच दिवस तरी हवी.

पाय बधिर झालेल्यांना पूर्वी चालू नका असेच सांगत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७९ जणांना घेतले होते. बेताबेताने चालणे वाढवलेल्यांच्या पायांना जखमा जास्त झाल्या नाहीत. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, आणि जखम उघडी असेल तर ती भरेपर्यंत थांबावे. अनवाणी तर मुळीच नको. रात्रीची लाईट आली की चिखलात अनवाणी पाणी धरायची आपली सवय अशा पायांना फार महागात पडते. बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा बघावा. शेकोटीला पाय शेकू नयेत, भाजलेले कळत नाही. रोज रात्री तळवे बघावेत. वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर चालताना खिशात खडीसाखर ठेवावी, साखर एकदम उतरू शकते.

तिशीपुढच्या माणसांची साखर उपकेंद्रात मोफत तपासतात. तिथे नुसते बोट टोचून घरी येऊ नका, पायही बघा म्हणावे. नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टेकवून जाणीव तपासता येते. ग्रामसेवक आणि सरपंचांना एकच सांगणे: गावाजवळच्या पाणंदीवरची बाभळ आणि दगडगोटे तेवढे काढून द्या. पहाटे चालायला निघालेल्या माणसाला डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या चुकवाव्या लागतात, म्हणून चार दिवसांत तो घरी बसतो.