परदेशातून जीपीएस मागवताय? आधी नकाशाचं विचारा



दिवाळी जवळ आली, नाहीतर मे महिन्याची सुट्टी लागली, की परदेशातल्या मुलामुलींचा ठरलेला फोन येतो, "आई, येताना काय आणू?" बदाम-पिस्ते, चॉकलेटं (वेष्टनावर अंडं आणि जिलेटिन नाही ना, हे वाचूनच हं), सासऱ्यांसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र. हल्ली या यादीत गाडीच्या काचेला लावायचा जीपीएसही येतो. तिकडे साधा डबा शंभर-दीडशे डॉलरला मिळतो, सेलमध्ये आणखी स्वस्त, आणि परदेशी कंपनीचा म्हणजे टिकाऊ असणारच, असा हिशोब असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. आपल्या रस्त्यांवर वापरायला तिकडून जीपीएस मागवू नका. आणि त्यातल्या एका प्रकाराला तर हातही लावू नका. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, निदान तेवढं तरी वाचाच.

आधी हा डबा करतो काय ते बघू. तो रेडिओसारखा आहे. रेडिओ फक्त ऐकतो, कोणाला काही सांगत नाही. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारे अमेरिकेचे उपग्रह सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की आपण कुठे आहोत हे डबा गणिताने काढतो. या संकेतांना पैसे पडत नाहीत. १९८३ साली एक कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि ते पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने ही लष्करी यंत्रणा सामान्य लोकांनाही खुली करायचं जाहीर केलं. तरीही सामान्यांच्या संकेतात मुद्दाम थोडी चूक ठेवलेली असायची, ती २००० सालच्या मे महिन्यात काढून टाकली. तेव्हापासून आपली गाडी नेमकी कोणत्या रस्त्यावर आहे हे कळायला लागलं.

म्हणजे आकाशातलं फुकट आहे आणि ते सांगलीत जेवढं मिळतं तेवढंच शिकागोत. मग आपण पैसे कशाचे मोजतो? नकाशाचे. आणि नकाशा हा लोणच्यासारखा असतो, तो त्या त्या मुलखाचाच. अमेरिकेच्या दुकानातल्या डब्यात अमेरिका-कॅनडाचा नकाशा भरलेला असतो, जर्मनीतल्या डब्यात युरोपचा. तो डबा कोल्हापुरात आणून चालू केला तर तो उपग्रह शोधेल, तुमची जागाही बरोबर काढेल, आणि मग जवळजवळ कोऱ्या पडद्यावर तुमची छोटीशी गाडी दाखवील. आजूबाजूला ना गल्ली, ना पूल, ना पेट्रोलपंप. फार तर एखादा महामार्ग रेघेसारखा दिसेल.

भारताचा नकाशा वेगळा विकत घ्यायचा म्हटलं, तर आधी आपल्या मॉडेलला तो चालतो का ते बघायला हवं, आणि त्याचे पैसे मिळवले की सेलमधली स्वस्ताई तिथेच संपते. वॉरंटीचंही तसंच. तिकडे घेतलेल्या डब्याची दुरुस्ती इथल्या सेवा केंद्राने करून द्यावी असं बंधन बऱ्याचदा नसतं. मग तो डबा पुन्हा कोणाच्या तरी बॅगेतून परत पाठवायचा.

आपल्या देशाच्या बारीक नकाशाला आणखी एक बाजू आहे. सरकारने २०२१ च्या फेब्रुवारीत नकाशांचे नियम मोकळे केले, पण ते देशी कंपन्यांसाठी. ठरावीक मर्यादेपेक्षा बारीक मोजणी परदेशी कंपनीने स्वतः इथे येऊन करायची नाही, इथल्या कंपनीकडून परवान्यावर घ्यायची. म्हणून आपल्या गल्लीबोळांची खरी माहिती इथे तयार झालेल्या नाहीतर इथून घेतलेल्या नकाशातच असणार. मॅपमायइंडिया ही दिल्लीची कंपनी १९९५ पासून हेच काम करते आहे.

बरं, समजा कोणीतरी भारताचा नकाशा भरून दिला. तरी तो कधीचा, हे विचारा. गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात काय काय बदललं ते आठवा. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर २०२५ च्या जूनमध्ये. मुंबईचा अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या नकाशाला यातलं काहीच ठाऊक नाही. तो तुम्हाला समृद्धीवरून जाताना पाहील आणि तुमची गाडी ज्वारीच्या शेतातून चालली आहे असं समजून सारखा वळायला सांगत राहील. डबा मजबूत आहे म्हणून नकाशा ताजा राहत नाही.

आणि आपले पत्ते! परदेशी डब्याला आधी शहर हवं असतं, मग रस्त्याचं नाव, मग घराचा नंबर. आपल्याकडे पत्ता असतो, "जुन्या मंदिराच्या मागे, पिठाच्या गिरणीवरून डावीकडे, कोणालाही विचारा." यातलं "कोणालाही विचारा" हे सगळ्यात भरवशाचं आहे, ते डब्यात कसं भरणार?

यात्रेला निघणाऱ्यांना तर हे चांगलं माहीत आहे. नुसतं "बाहुबली" टाकून बघा. आपल्याला जायचं असतं हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजच्या डोंगरावर, आणि यंत्र विचारतं, श्रवणबेळगोळ का? कारकळ? धर्मस्थळ? वेणूर? सगळीकडे भगवान बाहुबली उभे आहेत, यंत्राचंही फार चुकत नाही. पण आपण सूर्यास्ताच्या आत जेवणारी माणसं. गाडी दोन तास भलत्या घाटात फिरली तर बाकीच्यांना नुसता उशीर होतो, आपल्याकडे चौविहार असलेली आजी आणि तिच्याबरोबरच्या दोन सुना त्या रात्री उपाशी झोपतात. म्हणून वाट दाखवणारं साधन आपल्याला चैनीसाठी नको आहे. किती वाजता पोहोचू हे खरं सांगणारं साधन आपल्याला हवंच.

स्वतः गाडी चालवणाऱ्या बायकांसाठी तर ते त्याहून हवं. शेजारी बसून "इथून नाही, तिथून" करणारं कोणी नसताना एकटीने परगावी गाडी नेणं ही मोठी मोकळीक आहे. ज्या मैत्रिणी जीपीएस मागवतात त्यांची गरज मला पूर्ण पटते. फक्त दुकान चुकीचं आहे, एवढंच म्हणते.

कारण ते साधन बहुतेकींच्या पर्समध्ये आधीच आहे. पुष्कळ जणींचा समज असतो की मोबाइलची रेंज गेली की जीपीएस गेला. तसं नाही. मोबाइलमध्येही तोच ऐकणारा रेडिओ बसवलेला असतो आणि उपग्रहांचं ऐकायला त्याला रेंज लागत नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घ्यायला. तेव्हा निघायच्या आदल्या रात्री, भाकऱ्या बांधून झाल्या की, घरच्या वायफायवर गुगल मॅप्समधून त्या जिल्ह्याचा नकाशा उतरवून ठेवा. वाटेत रेंज गेली तरी गाडीचा रस्ता दिसत राहतो. फक्त पुढच्या गर्दीची बातमी मिळत नाही आणि त्यामुळे वेळेचा अंदाज थोडा चुकतो, तेवढी अर्ध्या तासाची सवड धरा. ऑरगॅनिक मॅप्स आणि ऑसमअँड ही दोन अ‍ॅप्स तर मुळातच नकाशा उतरवून वापरायची आहेत. त्यांचे नकाशे ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या प्रकल्पातून येतात. जगभरचे स्वयंसेवक तो घडवतात, आपल्या गावची चुकलेली गल्ली आपणही त्यात दुरुस्त करू शकतो. शिवाय गुगलची बाई मराठीत बोलते. इंग्रजी आवाजातलं "हातकणंगले" एकदा ऐकून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मोबाइलची बॅटरी संपते, उन्हात तो तापतो, ऐन वळणावर जावेचा फोन येतो, हे सगळं खरं. त्यावर इलाज म्हणजे गाडीत लावायचा चार्जर आणि एक चांगला स्टँड. घरात जुना मोबाइल पडून असेल तर त्याच्यात नकाशे उतरवून तोच गाडीचा जीपीएस करून टाका, त्यात सिमकार्डही नसलं तरी चालतं. नवी वस्तू घेण्याआधी घरात काय पडून आहे ते बघावं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

डोंगरात पायी फिरणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. सह्याद्रीतल्या भटकंतीला हातात धरायचं, सेलवर चालणारं मजबूत यंत्र कामाला येतं. अशा बऱ्याच यंत्रांत ओपनस्ट्रीटमॅपचा भारताचा नकाशा मेमरी कार्डावरून फुकट घालता येतो आणि त्यातल्या पुष्कळांत सूर्यास्ताची वेळही दिसते. घरात संगणकावर खटपट करणारा मुलगा नाहीतर पुतण्या असेल तर असं साधं, फक्त ऐकणारं यंत्र तिकडून आणायला माझी हरकत नाही. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या बायकाही विचारतात, कोणतं यंत्र घेऊ? माझ्या मते कोणतंच नको. गाडीसाठी बनवलेला जीपीएस पायी चालणाऱ्यांनाही महामार्गावर नेऊन सोडतो, आणि पहाटेच्या अंधारात ट्रकच्या शेजारून माताजींना चालावं लागणं किती धोक्याचं आहे हे आपण सगळ्याच जाणतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी कोणीतरी दुचाकीवरून आतला रस्ता बघून यावं. मुक्कामाची शाळा, पाण्याची जागा, वळणं मोबाइलच्या नकाशावर खुणा करून ठेवावीत आणि बरोबर चालणाऱ्या सगळ्यांना पाठवावीत.

आता तो हात न लावायचा प्रकार.

तिकडे डोंगरात जाणारे लोक एक छोटं, मुठीत मावेल असं यंत्र वापरतात. दिसायला जीपीएससारखंच, विकायला त्याच कपाटात, त्याच कंपनीचं. पण ते नुसतं ऐकत नाही, ते उपग्रहाला संदेश पाठवतंही. संकटात दाबायचं एसओएसचं बटण त्यावर असतं. गार्मिन कंपनीचं इनरीच हे त्यातलं सगळ्यात माहितीचं. लेकाला वाटतं, आई-बाबा शिखरजीचा डोंगर चढणार, तिथे रेंज नसते, हे बरोबर असलेलं बरं. काळजीपोटीच आणतो बिचारा. पण आपल्या देशात सरकारच्या दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रहाशी बोलणारं असं यंत्र बाळगणं हा गुन्हा आहे. त्याचे कायदे १८८५ आणि १९३३ सालापासूनचे. थुराया आणि इरिडियमच्या उपग्रह फोनना इथे बंदी आहे, आणि इनरीचचे संदेश इरिडियमच्याच उपग्रहांवरून जातात. मुंबईवर २००८ साली हल्ला करणाऱ्यांकडे उपग्रह फोन होता, तेव्हा या बाबतीत विमानतळावर कोणी ढिलाई दाखवील अशी अपेक्षा करू नका, आणि माझ्या मते ती करूही नये.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्याच्या विमानतळावर कॅनडाच्या एका महिलेच्या सामानात असं यंत्र सापडलं. ती डोंगरात धावायचा सराव करणारी खेळाडू. तिला ताब्यात घेतलं, गुन्हा नोंदला, कोर्ट आणि दंड झाला, विमानही चुकलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीला स्कॉटलंडच्या एका गिर्यारोहक तरुणीलाही अडवलं. त्यानंतर विमान कंपन्यांनी प्रवाशांना या बंदीची माहिती द्यावी, असं सरकारने कळवलं. दोघींनाही आपण काही चुकीचं नेतोय याची कल्पना नव्हती. आपली लेक-सून नातवाला कडेवर घेऊन रात्री दोन वाजता त्या रांगेत उभी आहे, असं डोळ्यांसमोर आणा.

ओळखायचं कसं? तीन प्रश्न मुलाला फोनवर विचारा. याला दरमहा वर्गणी भरावी लागते का? यावर एसओएसचं बटण आहे का? यातून मोबाइलशिवाय निरोप जातो का? एकालाही "हो" आलं, तर ते तिथेच राहू दे. हल्ली काही महागड्या मनगटी घड्याळांतही ही सोय यायला लागली आहे, म्हणून घड्याळ आणतानाही विचारा. नुसतं वाट दाखवणारं आणि पावलं मोजणारं असेल तर काळजी नाही.

आणि असं यंत्र आधीच घरात आलेलं असेल, तर ते चालू करून बघू नका आणि परत पाठवायचं म्हणून कोणाच्या बॅगेत तर मुळीच घालू नका. जाताना पकडलं गेलं तरी गुन्हा तोच. ओळखीच्या वकिलांना विचारा. साधा परदेशी डबा घरात पडून असेल, तर मात्र पुढच्या खेपेला मुलाबरोबर खुशाल परत पाठवा. तिकडे त्याचा नकाशा चालेल, कोणाच्या तरी गाडीत लागेल. त्याच्या बॅटरीमुळे तो केबिनच्या बॅगेत ठेवायला सांगा, मोठ्या बॅगेत नको.