अष्टौप्रहर उघडी पेढी

सीमा ओलांडून जाणारा पैसा आपल्या व्यापारी घराण्यांना नवा नाही. नाण्यांची थैली घेऊन प्रवास करणे जेव्हा जोखमीचे होते, तेव्हा एका गावच्या पेढीवर रक्कम भरून ती दुसऱ्या गावच्या पेढीवर मिळावी यासाठी हुंडी लिहिली जाई. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी मिळणारी ती मुदती. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देण्याची सोय होती. यांपैकी शाहजोग हुंडीचे वैशिष्ट्य आजही मननीय आहे. तिची रक्कम अनोळखी माणसाच्या हाती पडत नसे. बाजारात पत असलेल्या शाहालाच ती मिळे, आणि पुढे हुंडी बनावट निघाली तर रक्कम परत करण्याची जबाबदारीही त्याच्यावर असे. घेणाऱ्याची ओळख पटविणे हा त्या पद्धतीचा अंगभूत भाग होता.

आजच्या देयक व्यवस्थेने वेळ आणि अंतर ही दोन्ही बंधने झपाट्याने सैल केली आहेत. त्यामुळे झालेली सोय निर्विवाद आहे. परंतु जुन्या पद्धतीत व्यवहारापूर्वी जो एक विराम आपोआप मिळत असे, तो या वेगात नाहीसा झाला. तो विराम आता पेढीने स्वतःच निर्माण केला पाहिजे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम वेळेचा विचार करू. धनादेशाच्या काळात शनिवारी सायंकाळी दिलेला धनादेश सोमवारी सकाळी बँकेत लेखी सूचना देऊन थांबविता येत असे. नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस आणि एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आले, आणि लहान रकमा रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही क्षणात पोहोचू लागल्या. मोठ्या रकमांना मात्र बँकेच्या वेळापत्रकाचे बंधन होते. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास सुरू झाली. तिच्यात दिवसभरात दर अर्ध्या तासाला एक, असे ४८ हप्ते निघतात. पाठोपाठ १४ डिसेंबर २०२० पासून २ लाख रुपये व त्याहून अधिक रकमांसाठी असलेली आरटीजीएसही वर्षाचे सर्व दिवस अहोरात्र उपलब्ध झाली. कोट्यवधींची रक्कम रविवारी मध्यरात्री पाठविता येते, आणि एकदा ती समोरच्याच्या खाती जमा झाली की 'पेमेंट थांबवा' म्हणण्यास जागा उरत नाही.

ही सोय केवळ स्मार्टफोनधारकांपुरती राहिलेली नाही. मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे या सुविधेमुळे साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देता येतात. ज्येष्ठांसाठी वा घरातील विद्यार्थ्यांसाठी २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आले. त्यात खातेदार आपल्या खात्यातून, आपण ठरविलेल्या मर्यादेत, घरातील विश्वासू व्यक्तीला खर्च करू देतो. आपला पिन मुलांना सांगून ठेवण्याची जी घातक सवय अनेक घरांत दिसते, तिला हा उत्तम पर्याय आहे.

आता सीमेचा प्रश्न. हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला स्थायिक झालेली आपली कुटुंबे आहेत, सिंगापूर आणि दुबईतही आहेत. परदेशी रक्कम पाठविताना प्रत्यक्षात पैसा प्रवास करीत नाही. आपल्या बँकेचे त्या देशातील बँकेत जे खाते असते, त्याला नॉस्ट्रो खाते म्हणतात. आपली बँक स्विफ्टच्या जाळ्यावरून संदेश धाडते आणि त्या खात्यातून रक्कम दिली जाते. दोन बँकांचा थेट संबंध नसेल तर मध्ये आणखी एखादी बँक येते, आणि प्रत्येक जण आपले शुल्क कापतो. शिवाय मुंबईत सकाळचे दहा वाजतात तेव्हा अँटवर्पमध्ये पहाट असते आणि न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र. विलंबाचे आणि खर्चाचे मूळ येथे आहे.

यावर उपाय म्हणून जी-२० राष्ट्रांनी २०२० मध्ये एक कार्यक्रम स्वीकारला. सीमापार व्यवहारांपैकी ७५ टक्के व्यवहारांची रक्कम २०२७ अखेर तासाभरात पोहोचावी आणि परदेशस्थ व्यक्तींनी घरी पाठविलेल्या रकमांचा सरासरी खर्च २०३० पर्यंत ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये, अशी त्याची उद्दिष्टे आहेत. भारताने या दिशेने टाकलेले ठळक पाऊल म्हणजे २१ फेब्रुवारी २०२३ रोजी यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या दोन व्यवस्थांची झालेली जोडणी. पुढे ३० जून २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि थायलंड यांच्या मध्यवर्ती बँकांसमवेत प्रोजेक्ट नेक्ससच्या करारावर सही केली. प्रत्येक देशाशी स्वतंत्र जोडणी न करता सर्वांनी एकाच दुव्याला जोडून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंका व मॉरिशसमध्ये आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरच्या तिकिटासाठीही भारतीय प्रवाशाला यूपीआयने पैसे देता येऊ लागले.

येथे व्यापाऱ्यांनी एक भेद नीट ध्यानी घ्यावा. सिंगापूरची जोडणी व्यक्तीने व्यक्तीला, म्हणजे नातलगांच्या निर्वाहासाठी वा भेट म्हणून, मर्यादित रक्कम पाठविण्यासाठी आहे. आरंभी ही मर्यादा दिवसाला ६०,००० रुपये होती. मालाच्या बिलाची रक्कम त्या वाटेने पाठवू नये. आयात-निर्यातीचे पैसे परकीय चलनाचा परवाना असलेल्या बँकेमार्फत, योग्य पर्पज कोड आणि कागदपत्रांसह जावेत व यावेत, हा फेमा कायद्याचा दंडक आजही कायम आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. शाहजोग हुंडीत ओळख पटविण्याचे काम शाह करीत असे; आज ते कोणी करावे? व्यवस्थेने काही अंशी उत्तर दिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या ३० डिसेंबर २०२४ च्या आदेशानुसार आरटीजीएस व एनईएफटीने रक्कम पाठविण्यापूर्वी खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरताच खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत, विनाशुल्क, करावयाची होती. हे नाव वाचल्याखेरीज पुढचे बटण दाबू नये. परंतु परदेशी खात्याच्या बाबतीत हे कवच नाही. 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात पाठवावी' असा ईमेल जुन्या पुरवठादाराच्या नावे येतो, अक्षरे तीच, बोधचिन्ह तेच, आणि रक्कम तिसऱ्याच्याच खात्यात जाते. अशा वेळी त्या ईमेलमधील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या वहीत पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

बँकेत मोठ्या रकमेची नोंद एक कर्मचारी करतो आणि मंजुरी दुसरा देतो. पेढीनेही हा नियम पाळावा. चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये ही द्विस्तरीय मंजुरी मागून घेता येते. नवा लाभार्थी असेल तर आधी अल्प रक्कम पाठवून तोंडी पोच घ्यावी. दुकानातील क्यूआर कोड मुख्य खात्याशी न जोडता वेगळ्या खात्याशी जोडावा. ग्राहकाने मोबाईलवर दाखविलेले चित्र म्हणजे जमा नव्हे. खात्यात रक्कम दिसल्यावरच माल द्यावा आणि रोजमेळ त्याच रात्री जुळवावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर संकोच न करता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत कळवावे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेले सूत्र असे की पिन वा ओटीपी दुसऱ्यास सांगितल्यामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवीपर्यंत, ग्राहकानेच सोसावयाचे, कळविल्यानंतरचे बँकेने. लाजेखातर दवडलेल्या एका रात्रीची किंमत म्हणूनच फार मोठी असते.

पूर्वी सायंकाळी पेढीचे दार लागले की व्यवहारही थांबत. आता ते दार अष्टौप्रहर उघडे असते. म्हणून रात्री नऊनंतर मोठी रक्कम एकट्याने पाठवावयाची नाही, एवढा एक नियम घरातील कर्त्या मंडळींनी एकत्र बसून ठरवावा आणि तो गादीवर बसणाऱ्या नव्या पिढीलाही लागू करावा. रक्कम सकाळी गेली म्हणून सहसा काही बिघडत नाही.