वजनकाटा आणि पोरे

आमच्या राजूरच्या मुलखात कोळसा निघतो. तेव्हा येथल्या माणसाला वजनकाट्याची महती सांगायला नको. पण नुसत्या वजनावर कोळशाचीही किंमत ठरत नाही. तो जळून उष्णता किती देतो, हे पाहून त्याची प्रत लावतात. वाचकहो, ऐन दिवाळीत फराळाच्या ताटापाशी कोळसा कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जे तारतम्य आपण काळ्या दगडाच्या बाबतीत पाळतो, ते कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या पोरांच्या बाबतीत का पाळू नये?

अशा पोरांसाठी निरीक्षणगृहे आहेत, विशेष गृहे आहेत. मुलांना तुरुंगात डांबू नये म्हणून पत्रकार शीला बारसे यांना 1986 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले, हे विसरू नये. 2015 च्या बाल न्याय कायद्याने तर दर तीन महिन्यांनी तपासणी सांगितली: समितीत निदान तिघे, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी. शिवाय सरकारने स्वतंत्र मूल्यमापन करावे, अशीही तरतूद केली. उत्तम! पण मोजायचे काय? खाटा, चादरी, हजेरीपट, भिंतीचा चुना? तेही मोजावे, पोराला धड अंथरूण मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. परंतु 'एकही मूल पळाले नाही' अशी फुशारकी मारणारी संस्था कुलपाचे गुण स्वतःच्या नावावर मांडते. आणि तक्रारवहीचे पान कोरे असेल, तर ते सुखाने कोरे की भयाने, हे कोण सांगणार?

खरी परीक्षा दार उघडल्यानंतरची. पोरगा पुन्हा शाळेत बसला का? हाताला काम मिळाले का? अठरा वर्षांचा होऊन बाहेर पडणाऱ्याला एकविसाव्या वर्षापर्यंत मदत देता येते. ती त्याच्यापर्यंत पोचली का?

कोणी म्हणेल, बहुतेक प्रकरणांत अपराधाची नोंद नष्ट करा, असे हाच कायदा सांगतो. मग माग कसा काढावा? अहो, पुसायचा तो डाग. विचारपूस पुसायला कोणी सांगितले? नाव गुप्त ठेवा, त्याची संमती घ्या आणि त्यालाच विचारा.

दिवाळीला घरचे पोर आले नाही, तर आई निरोप धाडते: कुठे आहेस, बरा आहेस ना? सोडलेल्या पोराविषयी ज्याला एवढाही प्रश्न पडत नाही, त्याला 'गृह' तरी का म्हणावे?