'विचित्र' कोणाला म्हणता? यवतमाळचे तर्री-पोहे, कढी-समोसा आणि एक फसवा मथळा

१/ यवतमाळच्या ठेल्यांवर सकाळी पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली जाते आणि फोडलेल्या समोशावर वाफाळती कढी. या दोन बश्यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरतात आणि मथळा जवळपास ठरलेला असतो : 'महाराष्ट्रातील विचित्र खाद्यजोड्या'. हा 'विचित्र' शब्द इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकतो, हे तपासण्यासाठी हा थ्रेड.

२/ आधी मापदंडाची तपासणी. पाव पोर्तुगीजांच्या मागोमाग आला. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. या दोहोंची गाठ १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर पडली, असे सामान्यतः मानले जाते. पिठाच्या पोटात पिठूळ कंद, एवढाच हा प्रकार. तरी वडापाव 'महाराष्ट्राची ओळख' ठरतो आणि तर्री-पोहे 'गंमत' ठरतात. हा निवाडा जिभेने दिलेला नाही. चित्रपट, वृत्तपत्रे, वाहिन्या ज्या शहरांत होत्या, त्या शहरांची सवय राज्याची रीत झाली आणि उरलेल्यांची सवय अपवाद.

३/ यामागे एक राजकीय कारणही आहे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभाराखाली होता, नंतर ब्रिटिशांच्या. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. मुंबई आणि यवतमाळ एका राज्यात आले ते १९५६ मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्यात. 'मराठी जेवण' म्हणजे काय, याचे नमुने पुण्या-मुंबईत तोपर्यंत पक्के झाले होते. ज्यांना त्या ताटावर उशिरा बोलावले, त्यांच्याच वाट्याला विचित्रपणाचा शिक्का यावा, हा योगायोग नव्हे.

४/ आता तर्री-पोहे. विदर्भाच्या नकाशावर नजर टाकली तर ही बशी आपोआप उलगडते. पूर्वेला भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर : धानाचा मुलूख. पश्चिमेला वऱ्हाडची काळी माती : कापूस, तूर, ज्वारी आणि रब्बीचा हरभरा. यवतमाळ जिल्हा या दोहोंच्या सांध्यावर, वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या कुशीत. पोहे धानाच्या बाजूचे, हरभरा काळ्या मातीचा. जमिनीत मुरलेल्या ओलीवर, पाटाच्या पाण्याशिवाय येणारे आणि वाळवले की वर्षभर टिकणारे हे कडधान्य गरिबाच्या घरातील भरवशाचे प्रथिन होते. भातात ज्या अमिनो आम्लाची उणीव असते, ते लायसिन हरभऱ्यात असते. त्या हिशेबाने नुसत्या कांदेपोह्यांपेक्षा तर्री-पोहेच पूर्ण अन्न ठरतात.

५/ पुणेरी पोह्यांवर ओले खोबरे येते, कारण कोकण जवळ आहे. ज्या मुलखाच्या परसात माड नाही, तो कोरड्या पोह्यांना ओल कोठून आणणार? रश्शातून. खोबरे पेरणे 'स्वाभाविक' आणि रस्सा ओतणे 'विचित्र', या भेदाला भूगोलाचा कोणताही आधार नाही. (आणि हो, इकडे पोह्यांवर 'सांबार' भुरभुरतात म्हणजे कोथिंबीर. दक्षिणेतील सांबार समजून हसणाऱ्यांनी शब्दकोश उघडावा.)

६/ कढी-समोशाची गोष्ट बाजारपेठेची आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. १८८६ मध्ये कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार उभा राहिला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. पुढे मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे अरुंद रुळांची गाडी यवतमाळला येऊ लागली, तीच 'शकुंतला'. या व्यापारासोबत मारवाडी आणि गुजराती व्यापारी येथे स्थायिक झाले. अजमेरात आजही कचोरीवर कढी घालतात, गुजरातेत फाफड्यासोबत कढी देतात. वऱ्हाडच्या घराघरात ताक आणि बेसन होतेच. या गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या, तर कढी-समोसा हा कोणाचा लहरी प्रयोग वाटत नाही. पहाटे बैलगाडी जुंपून निघालेला आणि लिलावाची वाट पाहत ताटकळणारा शेतकरी जेथे असतो, तेथे स्वस्त, गरम आणि पोटभरीचे अन्न लागतेच.

७/ मात्र दुसऱ्या बाजूलाही सोडता येणार नाही. 'विचित्र' म्हटल्याबरोबर वैदर्भीय अभिमान उसळतो आणि उत्तर येते : 'ही आमची हजार वर्षांची परंपरा!' हेही तितकेच असत्य. तर्रीला लाल करणारी मिरची अमेरिकेची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली. बटाटा त्याहून नवा. समोसा मध्य आशियातून आलेला; चौदाव्या शतकात इब्न बतूताने तुघलकाच्या दरबारात तो खाल्ला, तेव्हा आत खिमा, बदाम आणि पिस्ते होते.

८/ येथे एक सुंदर दुवा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त यवतमाळचा परगणा 'योत-लोहारा' या नावाने येतो. लोहारा हे आजही यवतमाळला लागून असलेले गाव. त्याच ग्रंथात समोशाचीही नोंद आहे, अर्थात मांसाच्या. म्हणजे यवतमाळ आणि समोसा एका ग्रंथात चारशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. बटाटा मात्र त्यात नाही. ज्याला प्राचीनतेचाच गर्व हवा असेल, त्याने बटाटा वगळून समोसा खावा.

९/ प्राचीनतेच्या या भांडणात खरा प्रश्न हरवतो. कढीला ताक लागते, ताकाला गाय-म्हैस आणि त्यांना कडबा. कडबा ज्वारीचा. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली. तिचा हिरिरीने पुरस्कार करणारे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातील, पुसदजवळच्या गहुलीचे. उत्पन्न वाढले, पण ताटे ठेंगणी झाली, कडबा घटला आणि पावसात सापडलेले कणीस काळे पडू लागले. १९९० नंतर सोयाबीनने ज्वारीची जागाच घेतली. उरलीसुरली ज्वारी रानडुकरांनी आणि पाखरांनी शेतकऱ्याच्या मनातून उतरवली. सोयाबीनचे कुटार जनावरे खातात, पण कडब्याची सर त्याला नाही.

१०/ २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. महानगरांतील उपाहारगृहांत ज्वारीचे पिझ्झे झळकले आणि त्यांना कोणी विचित्र म्हटले नाही. त्याच वर्षी यवतमाळच्या शिवारात कापूस आणि सोयाबीनच डोलत होते. विचित्र जोड्यांची पुढची चित्रफीत काढणाऱ्याने मथळा लिहिण्यापूर्वी ठेल्यावाल्या काकांना एवढेच विचारावे : कढीचे ताक कोठून येते, आणि दहा वर्षांपूर्वी कोठून येत होते?