देवराईचा धर्म

भूमीला माता मानणाऱ्या हिंदू समाजाला निसर्गप्रेम कोणाकडून शिकावे लागले नाही, असे अभिमानाने सांगितले जाते. सह्याद्रीतील देवराया या अभिमानाची साक्ष देतात. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या वनांत कुऱ्हाड चालत नसे; अनेक ठिकाणी पडलेली काटकीही घरी नेणे निषिद्ध होते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासामुळे या श्रद्धेचे शास्त्रीय मोल जगापुढे आले.

परंतु पूर्वजांनी राखलेले वन वंशजांनी राखले काय? अनेक गावांत जीर्णोद्धाराच्या उत्साहात देवराईतील जुने वृक्ष तुटले, सिमेंटचे मंदिर उभे राहिले, भोवती फरशी आली. देवाला मोठे घर मिळाले. देवाचे वन मात्र गेले.

पृथ्वी तापत आहे, अल्पावधीत कोसळणाऱ्या पावसाचे प्रमाण वाढत आहे. ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. प्रत्येक दरडीमागे वृक्षतोडच असते असे नाही. पण मुळांनी बांधलेली माती उघड्या मातीपेक्षा अधिक तग धरते, हे शेतकरीही जाणतो.

म्हणूनच मंदिरासाठी देणगी देणाऱ्या पुण्या-मुंबईच्या चाकरमान्यांनी एकच अट घालावी : राईतील एकही वृक्ष तुटणार नाही. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत तसा ठराव करून घ्यावा. संस्कृतीचा अभिमान भाषणातून नव्हे, आचरणातून सिद्ध होतो.